केसरीनाथशेठची काणूक

मानकोलीच्या केसरीनाथशेठला पक्ष्यांचा पुळका आला तो साठीत, आणि तोही मोजणीवाल्यांनी नव्या रस्त्याची लाल खूण त्याच्या गोदामाच्या भिंतीवर मारल्यानंतर. तोवर त्याने गावातली दोन तळी भराव टाकून गडप केली होती आणि वर सुखाने जेवला होता. गोदामामागचं तिसरं तळं वाचलं, कारण तिथल्या अरुंद बोळात डंपर वळत नव्हता.

त्या तळ्यात काही चिमुकली बदकं पोहायची. शेठच्या मुलाने, देवेशने, फोटो काढून मेघालीबाई नावाच्या पक्षी-अभ्यासकांना पाठवला. पांढरं तोंड, गळ्याखाली काळा पट्टा, पाठीवर हिरवी झाक. बाईंनी लगेच ओळखलं: काणूक, आपल्याकडचं सगळ्यात लहान रानबदक. त्याचं घर तिथेच आहे असं दिसलं, तर रस्त्याविरुद्धच्या हरकतीला वजन येईल, रविवारी येऊन बघते, असं त्यांनी कळवलं.

झालं. शेठला ती बदकं पोटच्या पोरांसारखी वाटू लागली. आता एवढ्या शिकलेल्या बाई येणार, त्यांना काय घाण दाखवायची? त्याने जेसीबी लावून कमळाचे वेल, पाणगवत, शेवाळ सगळं उपसलं. काठाला सिमेंट केलं. बाईंची गाडी लावायला जागा हवी म्हणून काठावरचा म्हातारा आंबा तोडला. नाहीतरी तो आतून पोकळच होता. बुंध्याचा तुकडा तेवढा बसायला ठेवला. वर फलक लागला, ‘काणूक पक्षीतीर्थ, सौजन्य केसरीनाथशेठ’. पाखरं दिसत नाहीत, असं बायको धोंडूबाईने सांगितलं, तर शेठ म्हणाला, नवीन घर आहे, लाजत असतील.

रविवारी मेघालीबाई आल्या. तळं घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं आणि तितकंच रिकामं. बुंध्यावर बसून चहा पिता पिता शेठ आपल्या पक्षीप्रेमाबद्दल बोलत राहिला. बाईंनी दुर्बीण खाली घेतली.

"हे बदक पाणगवतात चरतं," त्या म्हणाल्या, "आणि अंडी झाडाच्या ढोलीत घालतं. फोटोत मागे एक ढोलीचं झाड होतं. ते कुठे आहे?"

शेठच्या तोंडचा चहा तोंडातच राहिला. गोदाम पडताना त्याला स्पष्ट दिसलं.

धोंडूबाई पुढे झाली.

"उठा जरा," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांना झाड बघायचं हाय."