राजेसाहेबांच्या मिशा

अंधेरीच्या बंगल्यातल्या न्हाणीघरात मी भिरवण्याच्या राजेसाहेबांच्या मिशा भादरत होतो. बाहेर दिवाणखान्यात पक्षाचा नंदकुमार चहा ढोसत बसलेला. सत्तावन्न सालची निवडणूक. संध्याकाळी त्यांना उमेदवारीच्या सहीला नेल्याशिवाय तो पठ्ठ्या हलणार नव्हता.

राजेसाहेबांना उभंच राहायचं नव्हतं. विसाव्या वर्षी गादीवर बसवलं. संस्थान विलीन झालं तसं पक्षाने उचलून विधानसभेत बसवलं, मग मंत्र्याच्या खुर्चीत.

"लवू, मला कधी कोणी विचारलं का रे, बसायचंय का म्हणून?"

"मग नाही म्हणून टाका ना सरकार."

"तीन सभांत म्हणालो. टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं, काय हा मोठेपणा!"

त्यांना वेष पालटून पळवायचा बेत माझा. मी त्यांच्याच गावचा, इथे स्टुडिओत कपडेपट सांभाळायचो. रोज दोन-चार राजे सजवायचो, पण राजा उतरवायची ही पहिलीच वेळ. साला, काय मजा! खाकी अर्धी चड्डी, फाटका गंजीफ्रॉक, डोक्यावर बर्फाचं गोणपाट. वेसाव्याला होडी पकडायची, पलीकडे मढला रात्रभर लपायचं. आजची सही चुकली की तिकीट दुसऱ्याला.

आरशात बघून ते हसले. "हा कोण रे? झकास आहे."

मागच्या दाराने निघालो, पण फाटक एकच. तिथे भिरवण्याची गिरणीवाली मंडळी दर्शनाला ताटकळलेली.

"ए बर्फवाल्या, बाजूक हो!" कुणीतरी राजेसाहेबांना कोपर मारलं. ते एवढे खूष झाले, की मला हसू आवरेना.

फाटकात त्या मंडळींतलाच म्हातारा काशीराम भेटला. आत पाऊल टाकताना तो आधी नुसत्या बंगल्यालाच मुजरा करायचा. आत्ताही वाकला. आणि साहेबांचा उजवा हात गोणपाट सोडून छातीशी गेला, मान हळूच झुकली. जन्मभर मुजरे घेतलेला हात तो, त्याला कसलं सोंग!

गोणपाट काशीरामच्या पायाशी पडलं. त्याने वर बघितलं.

"म्हाराज! मिशयो खंय गेल्यो?"

वाट लागली. रस्ता समोरच होता. "पळा," मी पुटपुटलो. पण सगळी माणसं वाकली होती, आणि मुजरा अर्धा टाकून जायचं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. अर्ध्या चड्डीत ते एकेकाचा मुजरा घेत राहिले, नंदकुमार धावत येईपर्यंत.

त्याने एकदा चड्डीकडे बघितलं, एकदा गर्दीकडे. "बघा! गरिबांचं दुःख बघायला सरकार बर्फवाले होऊन निघाले होते!"

टाळ्या पडल्या. गाडीचं दार उघडलं.

पोस्टरं मिशांसकट छापून झालेली, म्हणून प्रचाराला स्टुडिओतल्या मिशा. पहिल्या सकाळी मी डिंक लावत होतो, ते आरशात त्या बर्फवाल्याला शोधत होते.

"लवू, ढिल्या लाव. भाषणात पडल्या तर पडू देत."

लावल्या ढिल्या. भर सभेत पडल्या.

टाळ्या थांबेनात.