बापूंचा घास

लसूण काढताना सुभद्राअक्कांचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं, आणि हातही काही कमी चालत नाहीत. त्या दिवशी आम्ही शेजारीपाजारी मिळून त्यांचं वावर काढत होतो. काळी माती वाळून दगड झालेली, कुदळ मारली की मनगटाला झिणझिण्या. तारेच्या कुंपणापलीकडे धावपट्टी आहे. विमान शिकणारी पोरं तिथं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात. त्यातलं एक विमान उतरता उतरता डगमगलं आणि कसंबसं जमिनीला टेकलं. मागून कळलं की काचेवर घार आपटली होती. आतली मुलगी थोडक्यात वाचली.

मग पंचायतीत बैठक बसली. एक साहेब नकाशा घेऊन आले आणि धावपट्टीच्या आजूबाजूला काय चालेल ते सांगू लागले. सोयाबीन, लसूण, गोदाम चालेल. उंच घर, टॉवर, वीटभट्टीचा धूर चालणार नाही. आणि पाखरं गोळा होतील असं तर काहीच नको. एवढी पाखरं येतात तरी कुठून, असं त्यांनी विचारलं. अक्कांना गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही. त्या उठल्या.

"थावरीच्या कोंबड्या आहेत ना तारेला लागून," त्या म्हणाल्या. "पिसं, आतडी, सगळं तिथंच. घारी काय उगीच येतात होय, साहेब?"

थावरी मागं दाराशी उभी होती. गंधवानीकडून नवऱ्याबरोबर मजुरीला आलेली, मराठी समजणारी पण हिंदीच बोलणारी, नवरा गेल्यावर काळ्या कोंबड्या पाळून इथंच राहिलेली. साहेबांनी तिला विचारलं तेव्हा तिनं एकदा अक्कांकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. जो बोलत नाही त्याचाच गुन्हा, हे ठरवायला गावाला वेळ लागत नाही. सरपंच म्हणाला, "चलो भिया, निपट गया." त्याच आठवड्यात थावरीची शेड पडली. बहुतेक कोंबड्या कुक्षीच्या बाजारात गेल्या आणि उरलेल्या तिनं टोपलीखाली झाकून ठेवल्या. मग ती अक्कांच्याच वावरात लसूण निवडायला येऊ लागली. आपण बिचारीला काम दिलं, असं अक्का चारचौघांत सांगत.

आता अक्कांच्या घासाचं सांगायला हवं. त्यांचे मालक, बापू, गेले तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पोरांनी नाना वचनं दिली, कावळा आपला झाडावर. शेवटी अक्कांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "तुमच्या नावाचा घास रोज ठेवीन." कावळा झटक्यात उतरला. तेव्हापासून बांधावरच्या दगडावर घास ठेवल्याशिवाय अक्का जेवत नाहीत. आधी चिमूटभर भात असायचा. मग पोळी आली, बापूंना आवडायची म्हणून शेव आली आणि रविवारी मटणाच्या फोडीही आल्या. पंक्तीला पुष्कळ जण येऊ लागले, घारीसुद्धा. पण अक्कांच्या लेखी ते पाखरांना टाकणं नव्हतंच. ते बापूंचं जेवण होतं. म्हणून बैठकीत त्यांना तो दगड आठवला नाही.

शेड पडल्यावरही पाखरं हटली नाहीत. एका दुपारी अक्का घास ठेवून वळल्या आणि विमान खाली येऊ लागलं. त्या आवाजानं दगडावरचा सगळा थवा उठला आणि तारेवरून सरळ धावपट्टीवर गेला. विमान घाबऱ्या घाबऱ्या पुन्हा वर चढलं. अक्कांच्या हातातलं ताट खाली पडलं. आम्ही धावलो, तर त्या बांधावर बसलेल्या, आणि समोर थावरी लसणाची जुडी बांधत होती.

"तुला ठाऊक होतं?" अक्कांनी विचारलं.

"रोज देखती थी, अक्का. पहले आपके पत्थर पे बैठते, फिर उधर जाते."

"मग बैठकीत बोलली का नाहीस गं?"

थावरीनं जुडीची गाठ आवळली आणि दगडावरच्या घासाकडं बोट केलं. "बापू का कौर था. मरे आदमी के मुँह का कौर मैं कैसे छुड़ाती?"

अक्कांना तेव्हा शरमेनं मातीत जावंसं वाटलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि त्या असलं काही सांगणाऱ्यातल्या नव्हेत. सरपंच म्हणाला, "जाऊ द्या अक्का, आता कोण विचारतंय?" अक्का म्हणाल्या, "चारचौघांत बोलले, चारचौघांतच मागं घेईन." पुढच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि पाखरं माझ्या दगडावर येतात, थावरीकडं नव्हे, असं सांगितलं. आवाज इतका बारीक की पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्या रडल्या. तारेला लागून शेड काही परत मिळाली नाही. नकाशावर तिथं आता फक्त पीक आहे.

अक्कांनी दगड उपटून टाकला. गावातला आपला रिकामा गोठा झाडून, जाळी मारून थावरीला दिला. दुपारी कावळे बांधावर येऊन ओरडत राहतात. अक्का ताट घेऊन गोठ्यात जातात, आत शिरून बापूंचा घास थावरीच्या कोंबड्यांपुढं टाकतात आणि मग जेवतात.

"अक्का, खाना हो गया?" थावरी रोज विचारते.

अक्का हो म्हणतात. तिच्याकडं बघून हो म्हणणं त्यांना अजून जमलेलं नाही.