जिवंत धारेची सुरी

दोर तुटून खाली पडला आणि दिवाणखान्यातल्या बायकांच्या तोंडून एकदम 'अगंबाई' निघालं. कुणी सोफ्याच्या हातावर टेकलेल्या, कुणी जेवणाच्या खुर्च्या ओढून बसलेल्या, दोघीतिघी तर दारातच चपला घालून उभ्या. सुरीवाले सर ती सुरी दोन्ही तळहातांवर आडवी धरून सगळ्यांपुढून फिरवत होते, जणू तान्हं बाळच दाखवायला आणलं होतं.

सर म्हणजे कोट, टाय आणि पाकात घोळलेला आवाज. त्यांचं म्हणणं असं, की बाजारातल्या सुरीची धार मेलेली असते आणि ही धार जिवंत आहे. कारखान्यात पोलादाच्या कणांना शिस्त लावलेली असल्यामुळे ते थकत नाहीत, म्हणून जन्मात धार लावायला नको. मेलेल्या धारेनं भाजी चिरली की तिचं सत्त्व दुखावतं म्हणे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर उठून साक्षच दिली, की ही सुरी घरात आली आणि वर्षानुवर्षं दुखणारा आपला खांदा दुखायचा थांबला. टाळ्या पडल्या.

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या मावशीला एरवी हसू आवरलं नसतं. उभा जन्म शस्त्रक्रिया करण्यात गेलेल्या बाईला धारेचं कौतुक कुणी सांगायचं? पण सरांच्या शेजारी बॅग धरून तिची भाची उभी होती, म्हणून मावशीचा जीव टांगणीला लागला होता.

भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत सुऱ्या विकायला लागली आणि सरांच्या भजनी लागली. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचं भलं होत नाही, असं सरांनी सांगितलं होतं. म्हणून सोमवारी कॉलेजातून नाव काढायचं ठरलं होतं आणि ते आज, ह्या घरच्या बैठकीत, सगळ्यांसमोर जाहीर व्हायचं होतं. तिच्या आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. मावशीनं फोनवर खरडपट्टी काढली, तर पोरीनं फोनच ठेवून दिला. रागावून उपयोग नाही, हे मावशीला तेव्हा कळलं. आज ती तोंड मिटून आणि डोळे उघडे ठेवून आली होती.

आणि डोळ्यांना दिसलंही. खेळ ठरलेला होता. आधी सर घरातलीच सुरी मागून घेत आणि घरच्या बाईला दोर कापायला लावत. 'दाबा ताई, दाबा,' म्हणत. आजची घरची बाई म्हणजे भाचीची आई, मावशीची ताई; तिनं जीव खाऊन दाबलं, सुरी दोरावरून घसरली, बायका हसल्या, ताई ओशाळली. मग सरांनी स्वतःची सुरी घेतली. दाबली नाही, पुढेमागे ओढली. शिवाय त्या चकचकीत पात्याला बारीक दाते होते, आणि ताईची साधी सुरी वर्षानुवर्षं स्टीलच्या ताटात भाजी चिरून बोथट झालेली. सगळी इमारत ताटातच चिरायची, त्यामुळे सरांना प्रत्येक घरात यश हमखास होतं.

"आता तुमचीच लेक एक आनंदाची बातमी देणार आहे," सर म्हणाले.

"त्याआधी माझी एक हौस पुरवा," म्हणत मावशी आत गेली आणि पावाच्या डब्यामागे पडलेली, मूठ हलणारी, दातेरी सुरी घेऊन आली. तिनं ती भाचीच्या हातात दिली. "हिनं काप."

भाचीनं सरांकडे पाहिलं. सर हसले, कारण ती तर पावाची सुरी. भाचीलाही खात्री होती की फजिती मावशीचीच होणार. शिकवलं होतं तसं तिनं ओढलं आणि दोर तुटला.

सर क्षणभरही अडखळले नाहीत. रोजच्या सरावानं आमच्या सुरीची ऊर्जा पोरीच्या हातात उतरली आहे, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. धन्य त्या माना!

"मग ताई, तू काप," मावशी म्हणाली. "दाबू नकोस, ओढ."

ताईच्या हातात कसली ऊर्जा? तरी दोर तुटला. मग मावशीनं चहाचा कप रिकामा करून उपडा घातला. चिनी मातीच्या कपाच्या बुडाची कडा खरखरीत असते. तिच्यावर तिनं ताईची जुनी सुरी दोन्ही बाजूंनी तिरपी घासली आणि टोमॅटोची चकती काढून उजेडात धरली. पलीकडचं दिसत होतं.

"दातेरी पातं दोरात करवतीसारखं शिरतं," ती म्हणाली. "ताटावर टेकतात ती दात्यांची टोकं, मधली धार टिकते, म्हणून ती लवकर बोथट होत नाही. पण होते, आणि मग घरी लावता येत नाही. मी ऑपरेशनचं पातं एकदा वापरून टाकून देते. कायमची धार कुठे असती, तर आम्हीच आधी घेतली असती. सर, तुमची सुरी वाईट नाही. तिची गोष्ट खोटी आहे."

सरांनी नकारात्मक विचारांवर बोलायला सुरुवात केली. भाचीनं त्यांना मध्येच थांबवलं. हातात दोराचं टोक तसंच होतं.

"सर, मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?"

सर कंपनीच्या कीर्तीबद्दल बोलले. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. सरांना एकाएकी दुसऱ्या घरची बैठक आठवली आणि ते सुऱ्या गोळा करू लागले.

"अगं, पण मग माझा खांदा?" वरच्या वहिनी काकुळतीला आल्या. त्यांना खरंच बरं वाटत होतं, ते काही ढोंग नव्हतं.

भाची त्यांच्याजवळ जाऊन बसली. वॉर्डात पेशंटला विचारतात तसं तिनं शांतपणे विचारलं, की सुरी आल्यापासून घरात आणखी काय बदललं? वहिनींनी आठवून पाहिलं. "काही नाही गं. ह्यांना त्या सुरीचं भारी वेड, मला हात लावू देत नाहीत. आता भाजी तेच चिरतात."

आधी हसली ती ताई, मग सगळं घर.

"मग त्यांनाच चिरू द्या," भाची म्हणाली. "सुरी कुठलीही चालेल."

बाकी सांगायचं ते एवढंच. कुणी चमत्कार दाखवला, तर तो दुसऱ्या हातानं आणि दुसऱ्या वस्तूनं करून बघावा, आणि आणखी काय बदललं ते विचारावं. सोमवारी भाची कॉलेजात गेली, ती नाव काढायला नव्हे, तर पांढरा कोट घालून वॉर्डात.