ही कादंबरी तुमच्यासाठी नाही

आमच्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट वेगळं होतं आणि त्याला कुलूप होतं. पुस्तकं चोरीला जातील म्हणून नव्हे. वन्सं म्हणायच्या, भांडणं सगळी ह्याच कपाटातून बाहेर पडतात. रहस्यकथा आवडली नाही तर माणूस ती गुपचूप परत ठेवतो. ऐतिहासिक कादंबरी आवडली नाही तर तो फसवलं गेल्यासारखा तणतणत येतो. कुणाला राजा हवा तसा निघालेला नसतो, कुणाची लढाई लवकर संपलेली असते, कुणाला वाटतं, राणीच्या तोंडी असली भाषा घातलीच कशी.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वाचनालय त्यांनीच उभं केलेलं. मी लग्न होऊन ह्या घरात आले आणि दुपारपासून रात्रीपर्यंत त्यांच्या हाताखाली बसायला लागले. हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, आणि संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांची बांधणी करायचे. पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता. टेबलाशी जे बोलणं व्हायचं ते आत स्पष्ट ऐकू जायचं. पुढे जे झालं ते निम्मं त्या पडद्यामुळे झालं असं मला अजून वाटतं.

वन्संची एक पद्धत होती. कुणी त्या कपाटाकडे बोट दाखवलं की त्या आधी त्याला समोर बसवायच्या आणि प्रश्न विचारायच्या. "शेवट आधीच माहीत असला तर चालतो का तुम्हाला?" "सुरुवातीला वंशावळ दिली असेल तर ती वाचता, की उलटून पुढे जाता?" "राजा हवाय, की राजाचा स्वयंपाकी असला तरी चालेल?" लोक गडबडून जायचे. डोळे तपासायला यावं आणि डॉक्टरने जीभ दाखवा म्हणावं तसं व्हायचं त्यांचं. मग वन्सं कपाट उघडून एक पुस्तक काढायच्या आणि मधलंच एखादं पान मोठ्याने वाचायच्या. पहिलं पान कधीच नाही. "पहिलं पान सगळेच जीव ओतून लिहितात," म्हणायच्या, "संसार मधल्या पानांवर असतो." वाचतानाचा आवाज अगदी सपाट, बातम्या सांगितल्यासारखा. आणि नजर ऐकणाऱ्याच्या पायांकडे.

"चेहऱ्याला वळण लावलेलं असतं गं," त्यांनी मला सांगितलं होतं. "कंटाळा आला तरी तो हसतो. पाय मात्र दाराकडे वळतात."

पाय वळले की त्या पुस्तक मिटायच्या. "ही कादंबरी तुमच्यासाठी नाही. दुसरी बघू." यात कमीपणा नव्हता. लोकांनाही ते पटलं होतं. वन्संना सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे.

एक निवृत्त फौजदार होते, आडदांड माणूस. ते दर वेळी विचारायचे, "डॉक्टरीणबाई, यात घोडा मरतो का?"

"मरतो."

"मग नको. माणसं मेलेली चालतील."

गणिताचे एक मास्तर होते. ते प्रत्येक कादंबरीतली अंतरं आणि दिवस ताडून बघायचे आणि परत करताना सांगायचे, "हा सरदार एका रात्रीत एवढं अंतर गेला म्हणजे तो घोड्यावर नव्हता, तोफगोळ्यावर बसला होता." वन्सं त्यांच्यासाठी मुद्दाम अशी पुस्तकं शोधायच्या, ज्यात कुणी घराबाहेर पडत नाही.

अशा ह्या वन्संच्या भावाने कादंबरी लिहिली.

हे वर्षानुवर्षं लिहीत होते हे आम्हाला दोघींना माहीत होतं, पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की कान लाल व्हायचे. शेवटी एका छोट्या प्रकाशकाने ती छापली, आणि ह्यांनी एक प्रत स्वतःच्या हाताने नीट बांधून वन्संच्या टेबलावर ठेवली. आणि आत गेले.

कादंबरी एका वेढ्याची होती. शहराला शत्रूचा वेढा पडलाय, आणि आत एक घराणं पाण्याच्या टाकीवर पहारा देतंय. लढाई भिंतीपलीकडे, तिचे नुसते आवाज येतात. इकडे रोज पाणी थोडं थोडं उतरतंय आणि कुणाला किती द्यायचं ते बाप आणि त्याच्या दोन मुली ठरवताहेत. ह्यांचा जन्म नळ आणि टाक्यांचे नकाशे काढण्यात गेलेला, त्यामुळे पाण्याबद्दल असं लिहिलं होतं की वाचताना घसा कोरडा पडावा. शेवटी वेढा उठतो, दरवाजा उघडतो, आणि धाकटी मुलगी कुणाला न सांगता बाहेर निघून जाते. तिथे कादंबरी संपते.

वन्संनी ती दोन बैठकींत वाचली. मिटली, पुसली आणि त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. भावाला एवढंच म्हणाल्या, "बांधणी छान झालीय."

त्याच आठवड्यात हे मला म्हणाले, "दुसरा भाग आहे डोक्यात. धाकटी कुठे जाते तो. पण आधी ही कुणी वाचू दे. ओळखीचं नको. कुणीतरी परकं माणूस ही घरी घेऊन गेलं आणि वाचून परत आलं, की मी बसतो लिहायला."

म्हणजे सगळं त्यावर अडलं होतं. आणि कादंबरी कुणाला द्यायची ते ठरवणार वन्सं.

पहिले आले फौजदार. "काय नवीन?"

"आहे एक," वन्सं म्हणाल्या. "पण यात लढाई दिसत नाही. नुसती ऐकू येते."

"दिसतच नाही?"

"नाही. राजाही दिसत नाही. पहिली शंभर पानं एक टाकी आहे."

"घोडा?"

"घोड्याला पाणी द्यायचं की नाही यावर एक प्रकरण आहे."

फौजदारांनी हात जोडले. आत बांधणीच्या दाभणाचा आवाज थांबला. मला तो थांबलेला कळला, कारण मी रोज ऐकायची. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

मग औषधाच्या दुकानवाल्याची बायको आली. तिला वन्संनी सांगितलं, यात प्रेम आहे पण कुणी ते बोलून दाखवत नाही. मास्तर आले, त्यांना सांगितलं, हिशेब सगळे बरोबर आहेत, पण शेवट अर्धवट सुटतो, तुम्हाला चैन पडणार नाही. कुणाला सांगितलं, फार संथ आहे. कुणाला सांगितलं, मन उदास होईल, आत्ता तुमच्या घरात आजारपण आहे, आत्ता नको. यातलं एकही खोटं नव्हतं. इतर कुठल्याही पुस्तकाबद्दल त्यांनी हेच केलं असतं. पण इतर पुस्तकांना कधी ना कधी माणूस मिळायचा. ह्या पुस्तकाला मात्र वन्सं दुप्पट कडक होत्या. बहुतेकांना तर पान वाचून दाखवण्यापर्यंतही वेळ यायची नाही.

मी एकदा न राहवून बोलले. हे अजून कामावरून आले नव्हते.

"वन्सं, सगळ्यांना यात काय नाही तेच कशाला सांगता?"

"मग काय सांगू? लढाई आहे म्हणून?"

"काहीच सांगू नका. नेऊ दे ना कुणाला तरी."

"आणि दोन दिवसांनी आणून आपटली म्हणजे? 'काय हे डॉक्टरीणबाई, झोप लागली' असं इथे उभं राहून म्हणाले म्हणजे? तो तिथे आत बसलेला असतो. तुला ऐकवेल ते?"

त्या शिक्के मारत राहिल्या. मग शाईची डबी बंद करत म्हणाल्या, "लहानपणी त्याने काढलेलं चित्र कुणी हातात घेतलं तर तो श्वास धरून बसायचा. मी चुकीच्या माणसाच्या हातात नाही देणार."

मी हे ह्यांना सांगायचा प्रयत्न केला. जेवताना म्हटलं, वन्सं तुमच्या काळजीपोटी तसं करतात. हे म्हणाले, "ताईला पुस्तकं कळतात. तिला काळजी वाटत असेल तर काहीतरी कारण असेल." आणि विषय पाण्याच्या नव्या टाकीकडे वळवला.

अशी वर्षं गेली. हे निवृत्त झाले. मला वाटलं, आता सकाळ मोकळी, आता बसतील. बसलेही एकदोनदा. मग खुर्चीतून उठून गच्चीवरच्या नळाचा वॉशर बदलायला गेले. पुढे ते दुसऱ्या भागाबद्दल बोलेनासे झाले, आणि मीही विचारेनाशी झाले. आत दाभण चालायचं, बाहेर वन्संचे प्रश्न चालायचे. फौजदार गेले. मास्तर मुलाकडे राहायला गेले.

आणि मग ती आली. पन्नाशीची असेल. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं करायला म्हणून ती जवळच येऊन राहिली होती. ऐतिहासिक काहीतरी हवं म्हणाली. वन्संनी तिला समोर बसवलं.

"काय आवडतं तुम्हाला?"

"ज्यात माणसं वाट बघतात," ती म्हणाली. "सगळ्या पुस्तकांत वाट बघणं दोन ओळींत उरकतात. 'सहा महिने लोटले.' असे नाही हो लोटत महिने."

वन्संनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. उठल्या, कुलूप काढलं, आणि ह्यांची कादंबरी घेऊन मधलं पान वाचायला लागल्या. थोरली मुलगी टाकीत काठी उतरवून ओलीची खूण बघते, आणि बापाला कालचीच खूण सांगते, ते पान. सपाट आवाजात सुरुवात केली, पण पान संपलं तरी थांबल्या नाहीत. उलटून पुढचं वाचलं. मग त्याच्या पुढचं. समोरची बाई हलली नव्हती. आत दाभण थांबलं होतं.

"घेऊन जा," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "ह्या कपाटात याच्या तोडीचं दुसरं नाही. इतकी वर्षं तुमच्यासाठीच ठेवलं होतं असं समजा."

ती गेल्यावर पडदा बाजूला झाला. हे तिथे उभे, बोटांना खळ लागलेली.

"ताई, काय म्हणालीस तू तिला?"

"ऐकलंस की."

"तुला आवडली होती?"

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं, जसं काही हे परक्या भाषेत बोलत होते. "आवडली होती म्हणजे काय? वाचली तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. तुला माहीत नव्हतं?"

"कसं माहीत असणार?"

"अरे, मी कुणाला हात लावू दिला का तिला?"

हे टेबलासमोरच्या खुर्चीत बसले, जिथे वाचक बसायचे. बराच वेळ बोटांवरची खळ सोलत राहिले.

"तू प्रत्येकाला सांगायचीस ना," ते म्हणाले, "यात लढाई नाही, राजा नाही, वेग नाही, शेवट नाही. मी आत ऐकत असायचो. सगळं खरंच होतं. मला वाटलं, एवढं सगळं वजा केल्यावर उरलं काय असणार."

मी चहा ठेवायला उठले, कारण तिथे बसवेना.

ती बाई पुस्तक घेऊन परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हणाली, "धाकटी कुठे गेली हो? पुढचा भाग द्या." वन्संनी भावाला हाक मारली. हे बाहेर आले, तिला नमस्कार केला, आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं एकेकाळी. ती कुठल्या रस्त्याने गेली, तिच्या पायात काय होतं, सगळं. आता बघायला गेलो तर रस्ता दिसतो. ती दिसत नाही." बाईने दोन्ही हातांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यांचे आभार मानले. आणखी काय करणार ती.

त्या दिवसापासून वन्सं मागे लागल्या. रोज सकाळी आपल्या घरून आमच्याकडे यायच्या, भावाला टेबलाशी बसवायच्या, स्वतः समोर स्टुलावर बसायच्या. हे दोन वाक्यं लिहायचे आणि वाचून दाखवायचे.

"छान आहे," वन्सं लगेच म्हणायच्या.

"हे वाक्य लंगडं आहे ताई."

"नाही रे, छान आहे. पुढे लिही."

हे खोडायचे, वेगळं लिहायचे. तेही छान असायचं. मुद्दाम एकदा त्यांनी काहीतरी रद्दी लिहून वाचलं, धाकटीला घोड्यावर बसवून थेट राजवाड्यात नेलं. वन्सं गहिवरून म्हणाल्या, "वा. किती छान."

ज्या बाईने आयुष्यभर कुणाला उगाच पुस्तक दिलं नाही, तिचं ते बोलणं ऐकवत नव्हतं. ह्यांनी पेनाला टोपण लावलं. चिडले नाहीत. वन्संचा हात धरून त्यांना स्टुलावरून उठवलं आणि म्हणाले, "राहू दे आता. चल, तुला घरी सोडतो."

दोघं जिना उतरून गेली. मी वर उभी राहून बघत होते. वन्सं भावाला काहीतरी समजावत चालल्या होत्या आणि हे मान हलवत होते.