डावीकडचे खांब

नीलाताई प्रधानांचे हात सतत शिवशिवायचे. कुणाचं काही वाकडं दिसलं की ते सरळ केल्याशिवाय या बाईला घास गोड लागत नसे. शेजाऱ्यांच्या दारावरचं तोरण तिरकं असलं तरी जिना उतरता उतरता ह्या ते नीट करणार. अशा बाईच्या नवऱ्याने क्रोशाची सुई हातात घेतली, तिथेच सगळ्या घोटाळ्याला सुरुवात झाली.

गेल्या वर्षी अनंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, मग हळूहळू परत आली. बोरिवलीतल्या त्यांच्या घरी व्यायाम घ्यायला स्वरदा नावाची मुलगी येत असे. ती म्हणाली, "काका, आता विणकाम शिका. डाव्या हाताला काम मिळेल." झालं. बाजारातून सात-आठ रंगांची लोकर आली आणि आयुष्यभर विमा कंपनीत साहेबी केलेला माणूस खिडकीत बसून सात वर्षांच्या नातीसाठी, इरासाठी, रंगीबेरंगी पांघरूण विणायला लागला. आधी साखळी, मग त्या साखळीवर खांब. खांब म्हणजे उभा टाका. खांबाशेजारी खांब घालत ओळ संपवायची, विणकाम उलटायचं, पुन्हा पहिल्यापासून.

पण त्यांचा जीव पांघरुणात नव्हता, स्कूटरमध्ये होता. झटक्यापासून ती खाली कापड पांघरून उभी होती. इराला पुन्हा स्कूटरवरून शाळेत सोडायचं, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

पांघरुणाची मात्र पार वाट लागली. लाल पट्टा चांगला रुंद, पिवळा त्याहून आखूड, हिरवा त्याहून. इरा म्हणाली, "आबा, हा तर समोसा झाला." अनंतराव हसले खरे, पण त्या संध्याकाळी चहा तसाच टाकून उठले. ते नीलाताईंच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी ते दुपारचे आडवे झाल्यावर नीलाताईंनी विणकाम हातात घेतलं. तरुणपणी त्यांनी घरभर स्वेटर विणले होते, त्यामुळे मोबाइलवर एक व्हिडिओ बघताच चूक कळली. प्रत्येक ओळीच्या शेवटी हा माणूस तीन-चार खांब सोडून देत होता. त्यांनी सगळं लाल पट्ट्यापर्यंत उसवलं आणि पुन्हा घातलं. मग तो नेमच झाला. सकाळी अनंतरावांनी विणायचं, दुपारी नीलाताईंनी उसवून सरळ करायचं. पांघरुणाची कड बघता बघता पट्टीने आखावी तशी आली. "हात बसला बघ आता, नीला," असं म्हणत अनंतराव गुणगुणायला लागले. गुणगुणणारा नवरा त्यांना कितीतरी दिवसांनी मिळाला होता. कोण बाई अशा वेळी खरं सांगायला जाईल?

शनिवारी स्वरदा आली. नीलाताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, तर ती पांघरूण मांडीवर घेऊन एकटीच बसली होती आणि कडेवरून बोट फिरवत होती.

"काकू, काकांनी कमाल केली," ती म्हणाली. "झटक्यानंतर त्यांच्या डावीकडे काय आहे ते त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. डोळे चांगले आहेत, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. म्हणून तर विणायला लावलं. ओळीचा शेवट डावीकडे येतो ना, तिथलेच खांब सुटत होते. मी मुद्दाम बोलले नाही, नाहीतर तेवढ्यापुरतं जपून विणलं असतं. आता बघा कशी सरळ कड आली. बाकी सगळं जमतंच होतं, ही एकच गोष्ट अडली होती. सोमवारी डॉक्टरांना सांगते, स्कूटर चालवायला हरकत नाही."

नीलाताईंना आठवली ती ताटातली चटणी. डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर रोज तशीच उरायची आणि वर अनंतराव विचारायचे, "आज चटणी नाही केलीस?" टोमणे मारतात असं समजून त्या फणफणायच्या. शेवटी वैतागून त्यांनी चटणी उजवीकडे, भाजीशेजारी वाढायला सुरुवात केली. सासूबाई असत्या तर असं उलटं ताट वाढू दिलं नसतं. म्हणजे तिथेही त्यांनी वाकडं ते सरळ करून टाकलं होतं, आणि आजार झाकला गेला होता.

"हे कुठे आहेत?"

"खाली गेले, इराला घेऊन. मी हे सांगितल्यावर स्कूटर पुसून ठेवतो म्हणाले."

दारामागच्या खिळ्यावर हेल्मेट नव्हतं. पुसायला हेल्मेट कशाला लागतं? ट्रे टेबलावर आदळून नीलाताई अनवाणीच जिना उतरल्या.

स्कूटर गेटाशी उभी होती. पुढे इरा, मागे अनंतराव, इंजिन चालू. बाहेर रस्त्यावर टेम्पो, रिक्षा. नीलाताई धावत जाऊन त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या. धाप लागून तोंडातून शब्द फुटेना.

"आबा, आजी आली," इरा म्हणाली.

अनंतरावांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कुठे आहे?"

त्या इतक्या जवळ होत्या की अनंतरावांच्या शर्टाची बाही नीलाताईंच्या दंडाला लागत होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि हा माणूस विचारतोय, कुठे आहे. नीलाताईंनी हात घालून चावी फिरवली आणि इराला उचलून खाली घेतलं.

"भर गेटात काय तमाशा हा?" अनंतराव दचकून ओरडले. "आणि तू आलीस कधी?"

वर आल्यावर नीलाताईंनी स्वरदासमोर सगळं सांगून टाकलं. दुपारची झोप, उसवणं, पुन्हा घालणं. स्वरदाचा चेहरा पांढरा पडला. अनंतराव मात्र भडकले. "साफ खोटं. मी स्कूटरवर बसायला नको म्हणून ही नाटकं आहेत तुझी."

"मग इथे बसून एक ओळ घाला. माझ्या देखत," नीलाताई म्हणाल्या.

ते खिडकीत बसले. सुई झपझप चालायला लागली, कारण हात खरोखरच बसला होता. खांबाशेजारी खांब पडत गेले, आणि कडेपासून चार खांब अलीकडे सुई थांबली. अनंतरावांनी विणकाम वर धरलं.

"झाली ओळ. बघा, आहे का कुठे वाकडं?"

नीलाताई उठल्या. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात धरला, त्याचं बोट ओळीवर टेकवलं आणि सावकाश डावीकडे नेलं. विणलेलं संपलं, तरी पांघरूण संपत नव्हतं. एक रिकामी जागा, दुसरी, तिसरी, चौथी. बोटाला जे लागत होतं त्यामागोमाग अनंतरावांची मान हळूहळू वळली. ते बघतच राहिले.

"हे... रोज राहत होते?"

"रोज."

अनंतरावांनी तेच बोट पुन्हा त्या चार रिकाम्या जागांवरून फिरवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि चटणी? तीही रोज करत होतीस?"

नीलाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"मला वाटायचं, तू माझ्यावर रागावली आहेस," अनंतराव म्हणाले.

स्वरदाने लाल लोकरीचा एक तुकडा घेऊन पांघरुणाच्या डाव्या कडेला बांधला. "काका, हा लाल दिसेपर्यंत मान वळवायची. ओळ उलटली की हा तुकडा सोडून पुन्हा डावीकडे बांधायचा. चुकेल, पुष्कळ चुकेल, पण चुकलेलं तुम्हाला दिसायला हवं. आणि काकू, तुम्ही हात लावायचा नाही." सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं, ते कुणी विचारलं नाही. इराने स्कूटरची चावी आपणहून डब्यात टाकली.

अनंतरावांनी उरलेले चार खांब घातले, तुकडा दुसऱ्या कडेला बांधला आणि नवी ओळ धरली. या खेपेला सुई रांगत होती. शेवटाकडे येता येता ते थांबले, मान वळवली, आणखी दोन खांब घातले. मग सुई खाली ठेवून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

नीलाताईंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते पदरात गुंडाळून घट्ट धरले.

"दोन राहिले," त्या म्हणाल्या.