कारभारीची हाळी

"होऽ रं, होऽ!"

कारभारीने स्टेरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढले. ब्रेक पायाखालीच होता हो, पण जन्मभर कासरा ओढलेल्या माणसाला ऐन वेळी पाय कुठला आठवतोय? मोटार काही थांबली नाही. समोरून येणारी बैलगाडी मात्र थांबली. वाट द्यायला बैल कडेला उतरले होते, चाके अजून रस्त्यावर होती, आणि तिथेच ते खिळल्यासारखे उभे राहिले. मोटारीचा मडगार्ड चाकाला घासला, दिव्याची काच फुटली, आणि इंजिन आचका देऊन बंद पडले.

मागच्या सीटवर जालन्याचे कापूसवाले गौतमचंद शेटजी होते. त्यांची टोपी पुढे येऊन पडली. लागले कोणालाच नाही.

पोळा झाला आणि शेटजींनी कारभारी हाकायचा ती बैलजोडी विकून ही मोटार घेतली. "कारभारी, मोटार शिक, नहीं तो दुसरं काम बघ," असे सरळ सांगितले. कारभारी शिकला. उस्ताद शेजारी नसताना मोटार हाकायचा आज पहिलाच दिवस, आणि आजच हे.

शिकला, पण करमेना. बायको, तुळजाबाई, वारल्यापासून घरात बोलायला भिंतीच होत्या. म्हणून तो बैलांशी बोलायचा. गुडघ्याचे दुखणे, तुळजाबाईच्या हातची भाकरी, सगळे त्यांना सांगायचा. ते कान हलवायचे. एवढेही पुष्कळ असते. मोटारीशी काय बोलणार, कपाळ?

गाडीवान खाली उतरला. हसनाबादचा धर्मराज, शेटजींची ती जोडी त्यानेच बाजारातून नेली होती. कारभारीने त्यातल्या चांद्याचे मोडके शिंग आधीच ओळखले होते. शेजारी हौश्या.

"बराबर चालून राह्यले होते, मधीच आडले बघा," म्हणत धर्मराजने चाबूक उगारला.

"गलती तुझीच," शेटजी कडाडले. "रस्त्यात गाडी उभी करतो? चल भोकरदनला, पोलिसातच सांगू."

धर्मराजचा चेहरा उतरला. कारभारीला आता फक्त गप्प बसायचे होते. नोकरी वाचली असती. गप्प बसणे अवघडही नव्हते, अलीकडे त्याला तीच सवय लागली होती.

चाबूक हौश्याच्या पाठीवर बसला.

"मारू नको," कारभारी म्हणाला. "त्यांची चूक न्हाई, तुझी बी न्हाई. शेटजी, म्या होऽ म्हनलो. म्हनून थांबले ते."

"मोटारीला होऽ म्हणालास?"

"तोंडातून गेलं, जी."

शेटजींनी पडलेली टोपी उचलून नीट डोक्यावर ठेवली. रागावले असते तर बरे वाटले असते.

"आज मला भोकरदनला ने अन् परत आण. सावकाश. उद्या किल्ली मुनीमजीकडे दे, अन् गोदामात पोती शिवायला लाग."

"बरं."

धर्मराजने कासरा हिसडला, पण बैल जागचे हलेनात. मान वळवून ते कारभारीकडेच बघत होते. तो जवळ गेला. हौश्याच्या पाठीवर वळ उठला होता, त्यावर त्याने हात ठेवला. सांगायचे तर ढीगभर साचले होते. पण दोन माणसे बघत होती, आणि बैल आता दुसऱ्याचे होते.

"हं, चला आता," तो म्हणाला. रोज घरी परतताना म्हणायचा, तसेच.

बैल निघाले. एकानेही मागे बघितले नाही. घुंगरांचा आवाज बंद होईपर्यंत कारभारी तिथेच उभा होता. त्याला फार एकटे वाटले.

मग त्याने पुढे जाऊन हॅण्डल मारले. इंजिन सुरू झाले. आत बसून त्याने स्टेरिंग धरले, आणि "चला" म्हणायला उघडलेले ओठ मिटून घेतले.