काच की रबर

कल्पिताने काचेवरचा फरसाणाचा चुरा फुंकरीने उडवला आणि वाजवायच्या दोन्ही इलेक्ट्रॉनिक स्क्रीन स्टँडवर रामनाथकाकांपुढे मांडल्या. भटवाडीतल्या त्यांच्या बेंजो पार्टीने त्या दोन दिवसांच्या बोलीवर आणल्या होत्या. रविवारी मुलुंडला हळद वाजवायची होती. त्याआधी एक ठेवायची, एक परत करायची.

वहीत तिने दोन रकाने आखले. पहिली नुसती काच, तिच्यावर रंगीत चौकोन. बोट लागलं की आवाज. दुसरीवर काळ्या रबराची चादर. रंग दिसत नाहीत, पण उंचवटे असल्यामुळे न बघता बोटाला जागा कळते. घामाच्या परीक्षेत काच घसरली, रबर पास झालं.

"काकांना रबरवालीच," कृणाल म्हणाला. पार्टी त्याच्या शब्दावर चाले, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. "राग नको काका, पण बेंजो आता बंद. सगळं यावरच वाजणार. तुम्हाला नाही जमलं तर रविवारी तुमच्या जागी प्रांजल बसेल."

"राग कसला रे? तुझ्या बारशाला पण मीच वाजवलंय."

हात बघून वाजवतो तो वादक नव्हे, टायपिस्ट. काकांचं हे वाक्य प्रत्येक नव्या वादकाने ऐकलेलं होतं. कल्पिताने तर दोनदा. नजर नाचणाऱ्यांवर हवी, बोटं आपली आपली चालतात.

काकांनी रबरावर बोटं ठेवली. नजर समोरच्या भिंतीवर. पहिलाच ठोका शेजारच्या उंचवट्यावर पडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. कृणाल उगाच मोबाइल चाळू लागला.

"ती दुसरी दे गं."

काचेवर त्यांनी मान खाली घातली आणि वाजवायला घेतलं. एकही चौकोन चुकला नाही. कृणालची मांडी ठेक्यावर हलायला लागली.

"झकास! पण काका, तुम्ही चक्क खाली बघून?"

"नवीन वस्तू आहे. बघून घ्यायला नको?"

चहा आला, काकांचा बिनसाखरेचा. कृणालने ग्लास रुमालात धरला, कल्पिताने दोन बोटांनी काठाला. काकांनी मात्र वाफाळता ग्लास मुठीत घेतला आणि चटका जाणवतच नसल्यासारखा तसाच धरून रबर कसं कुचकामी आहे ते सांगत बसले. सावकाश, एकेक दोष.

कल्पिता त्या मुठीकडे बघत राहिली. काचेच्या रकान्यात तिने मघाशी लिहिलं होतं, 'बघून वाजवावं लागतं'. ती ओळ तिने खोडली.

मग उठून स्टँडचा स्क्रू ढिला केला, काच कमरेवरून छातीपर्यंत वर घेतली आणि जवळजवळ उभी केली.

"एवढी वर कशाला?" कृणालने विचारलं.

"इथून नाचणारे समोर दिसतात," ती म्हणाली.

काका स्टँडमागे उभे राहिले. मान ताठ, नजर समोर. काच बरोबर त्या नजरेच्या वाटेत होती.

"अजून दोन बोटं वर घे," ते म्हणाले.